पक्ष्याच्या मागचं बेट

अंदमानचा भारद्वाज काळा नसतो. आपल्या ओळखीचा भारद्वाज म्हणजे काळंभोर अंग, विटकरी पंख आणि लालभडक डोळे. अंदमानातल्या भारद्वाजाचे पंख तसेच विटकरी, चालणंही तसंच, झुडपाच्या बुडाशी मान पुढे काढून एकेक पाऊल टाकत. पण डोकं, मान, छाती सगळं फिकट तपकिरी. आवाज ऐकून कुणीही सांगेल की हा भारद्वाजच. समोर आला की मात्र ओळख पटायला क्षणभर लागतो.

या बेटांवर असं सारखं होतं. कोतवाल आहे, पण त्याच्या शेपटीची टोकं बाहेरच्या बाजूला जास्त वळलेली आणि चोच लांब. टकाचोर आहे, पण आपला तांबूस टकाचोर इथे काळपट करडा झालाय, अंगानेही लहान, आणि त्या काळपटपणात पिवळा डोळा लख्ख उठून दिसतो. सह्याद्रीत मोठा काळा सुतार पक्षी दिसतो, त्याचं पोट पांढरं असतं. अंदमानातला त्याचा भाऊबंद पोटासकट काळा, डोक्यावर तेवढा लाल तुरा. सर्पगरुड तर दोन आहेत. एक आपल्या तुरेवाल्या सर्पगरुडाचाच बेटावरचा प्रकार, खाडीच्या आणि खारफुटीच्या बाजूला जास्त दिसणारा. दुसरा अंदमानचा स्वतःचा: गडद चॉकलेटी, अंगावर बारीक गोल पांढरे ठिपके, आतल्या जंगलात राहणारा.

मुख्य भूमी इथून हजार किलोमीटरहून लांब आहे, म्यानमारचा किनारा त्या मानाने कितीतरी जवळ. मध्ये एवढा समुद्र आणि मागे कित्येक पिढ्यांचा एकांत. त्यातून हे पक्षी असे घडले. भारद्वाजाचा रंग असो की सुताराचं पोट, ते त्या बेटाचं देणं आहे.

म्हणूनच मला प्रश्न पडतो की अशा पक्ष्याचा फोटो काढताना बेटच फ्रेमबाहेर गेलं तर फोटोत उरलं काय? आजच्या लेन्स इतक्या चांगल्या आहेत की पक्ष्याच्या भुवईचं पीस न् पीस मोजता येतं आणि मागचं जंगल विरघळून नुसता हिरवा रंग होतो. मलाही असे फोटो पाहायला आवडतात. पण तो हिरवा रंग कुठल्याही बागेतला असू शकतो. अंदमानला जाताना मी ठरवूनच गेले होते की पक्षी फ्रेममध्ये लहान असला तरी चालेल, त्याच्या मागचं झाड, पाणी, उजेड ओळखू आला पाहिजे.

हा विचार माझ्या डोक्यात पक्का बसला तो ॲलन ह्यूमबद्दल वाचताना. काँग्रेसच्या स्थापनेतला ह्यूम तो हाच. 1873 साली तो जहाजातून अंदमान-निकोबारची बेटं पालथी घालायला गेला होता. अंदमानी बदक आणि नारकोंडम बेटावरचा धनेश, दोघांचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याने त्याच वर्षी केलं. तेव्हा पक्ष्याची नोंद करायची म्हणजे तो बंदुकीने पाडायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी. पुढे 1885 मध्ये त्याने आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. ती कातडी आज इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयात खणाखणांतून पाठीवर झोपलेली आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या पायाची चिठ्ठी हरवली तर तो पक्षी कुठल्या डोंगरावरचा, कुठल्या महिन्यातला, हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळी किंमत त्या चिठ्ठीला. आपल्याला पक्षी मारावा लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे; आणि आपल्या हातातल्या यंत्रात ती चिठ्ठी पक्ष्यासोबत एकाच चौकटीत मावते.

बरोबर माझी जाऊ होती. ती फोटो काढत नाही, पण तिचा कान असा की पान हललं तर वाऱ्याने की पाखराने ते ती सांगते. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं तिच्या कानाचं आहे.

आधी उजेडाबद्दल, कारण अंदमानात सगळं त्याच्यावर अडतं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि ही बेटं त्र्याण्णवच्या आसपास आहेत. दहा अंश म्हणजे चाळीस मिनिटं. फेब्रुवारीत सहाच्या आतच उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडालेला असतो. जंगलात तर साडेचारलाच अंधारायला लागतं. तिथल्या सदाहरित झाडांखाली भर दुपारीही उजेड कमी, आणि त्यात तिथले बरेच पक्षी गडद रंगाचे. सुतार, कोतवाल, टकाचोर, सर्पगरुड. सगळे सावलीत सावलीच्या रंगाचे. उंच शेंड्यावर आभाळाच्या पांढऱ्या उजेडासमोर सुतार बसला की कॅमेरा आभाळ सांभाळतो आणि पक्ष्याची नुसती काळी आकृती करतो. तिथे एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वर नेलं, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ घेतला, की काळ्यातला काळा दिसायला लागतो, पिसांच्या कडा सुट्या होतात. आभाळ जळतं, जळू दे. कमी उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढवायची भीती मी केव्हाच सोडली आहे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

दुसरी गोष्ट दमट हवा. एसी लावलेल्या खोलीतून कॅमेरा बाहेर आणला की समोरची काच, मागची काच, कधी कधी आतलं भिंगसुद्धा धुकटतं, आणि ते पुसून जात नाही. आपलं आपण निवळेपर्यंत थांबावं लागतं. नेमका तो पहाटेचा अर्धा तास हातचा जातो. म्हणून रात्री एसी बंद, आणि बॅग खोलीबाहेरच्या व्हरांड्यात नाहीतर बाथरूममध्ये, चेन लावून. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. होडीतून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याचं अंग पुसायचं, मग कोरड्याने. कोरड्या फडक्याने थेट पुसलं तर मिठाचे कण काचेवर घासले जातात.

लेन्स मी दोन नेल्या होत्या. एक शंभर-चारशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी; एक चोवीस-एकशेपाचची, रुंद दृश्य घेणारी. पाचशेची मोठी लेन्स मुद्दाम घरी ठेवली. हातात असली की तीच वापरली जाते.

चिडिया टापूला आम्ही दुपार कलताना पोचलो. श्री विजया पुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, तिथून दक्षिणेला तासाभराचा रस्ता. शेवटी शेवटी एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडी. आमचे वाटाडे दादा तिथलेच. त्यांचे आजोबा जंगल खात्याच्या कामासाठी छोटा नागपूरकडून आणलेल्या माणसांपैकी. तिथे या लोकांना सगळे रांचीवाले म्हणतात. दादा हिंदी बोलायचे, मी माझ्या हिंदीत, आणि जाऊबाई सरळ मराठीत. कुणाचं कुणावाचून अडलं नाही.

मी त्यांना आधीच सांगितलं होतं की मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही. घुबडाला तो आवाज म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा घुबड. ते शिकार सोडून भांडायला येतं, कधी पिल्लांजवळून उठून येतं. आणि चिडिया टापूला सगळा हंगामभर रोज कुणी ना कुणी येतंच. दादांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तो फिर बैठना पड़ेगा, दीदी. हिलना नहीं." बसलो. रस्त्याच्या कडेला पडाउकचं एक जुनं झाड होतं, बुंध्यापासून माणसाच्या छातीइतक्या उंच भिंतींसारखी मुळं फुटलेली. त्या दोन भिंतींच्या मध्ये आम्ही दोघी.

अंधार पडायच्या आधीची ती वेळ फार गजबजलेली असते. पोपटांचे थवे डोक्यावरून ओरडत जातात, पाकोळ्या खाली उतरतात, शामा एकदा शेवटचं गाऊन घेते. मग एकेक आवाज मिटत जातो. जाऊबाईंनी माझ्या दंडाला बोट लावलं. "खालच्या अंगाला. टुक, टुक, टुक. ऐकलंस?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळाने आलं: रातवा, लाकडावर घाईघाईने ठोकल्यासारखा. दादांनी मान हलवली. आणि त्यानंतर, खाडीच्या बाजूने, दबका, सावकाश, दोन हाकांमध्ये अंतर ठेवून येणारा 'हूप... हूप'.

तो आवाज ह्यूमच्या नावाच्या घुबडाचा होता. अंदमानात शिकरा-घुबडाच्या दोन जाती आहेत. दुसऱ्याच्या छातीवर तांबूस पट्टे असतात, हा मात्र सरसकट गडद तपकिरी, त्यात दोन पिवळे डोळे. रस्त्याच्या वळणावर एक वाळकी फांदी खाडीवर झुकलेली होती, तिच्यावर तो येऊन बसला. पाठीमागे पाणी अजून निळं होतं. पलीकडच्या डोंगराची कड दिसत होती. दादांनी टॉर्च काढला, मी हातानेच नको म्हटलं. टॉर्च लावला असता तर पिसं दिसली असती आणि मागचं सगळं काळं झालं असतं. शटर एकपंधरांश सेकंदापर्यंत खाली आणलं, कोपर पडाउकच्या मुळावर टेकवलं, श्वास सोडून घेतला आणि बटण दाबत राहिले. घुबडाने मान वळवली की फोटो हलायचा. तो स्थिर झाला की एखादा जमायचा. जमलेल्या फोटोत घुबड अंगठ्याच्या नखाएवढं आहे. डोळ्यांत जेमतेम पिवळेपणा आहे. पण फांदीची प्रत्येक काटकी आहे, खाडीचं पाणी आहे, डोंगराची कड आहे, आणि तो घुबड कशाकडे तोंड करून बसला होता हे कळतं: पाण्याच्या कडेला उडणाऱ्या किड्यांकडे. दोनदा तो उडाला, हवेतच काहीतरी पकडून परत त्याच फांदीवर आला. दुसऱ्यांदा परतला तेव्हा चोचीतून एक मोठा पंख खाली गरगरत पडला.

घुबडावर फ्लॅश मारणारे लोक अजूनही आहेत. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो प्रकाश मारून काय मिळतं, मला खरंच कळत नाही. टॉर्च लावावाच लागला तर मंद, बाजूने आणि थोडाच वेळ.

सिप्पीघाटबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी सगळ्यांना आठवते. त्या भूकंपाने जमीनही कलली, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. उत्तर अंदमानची पश्चिम बाजू वर उचलली गेली, इतकी की प्रवाळाचे खडक पाण्याबाहेर येऊन मेले. आणि दक्षिण अंदमान खाली बसला. पोर्ट ब्लेअरच्या आसपासची जमीन साधारण एक मीटर खचली. एक मीटर ऐकायला थोडा वाटतो. पण खाडीकाठच्या सखल शेतांना तेवढा पुरला. लाट ओसरली तरी सिप्पीघाटच्या शेतांतून पाणी गेलंच नाही. रोज भरतीला खारं पाणी आत येत राहिलं. भाताची जमीन गेली, झाडं उभ्या उभ्या वाळली.

तिथे आता पक्षी आहेत. अंदमानी बदक, एकेकाळी शोधूनही न सापडणारं, तिथे रस्त्यावरून दिसतं. पाणबगळे, तुतवार, पाणकोंबड्या, थंडीत लांबून आलेले चिखलपक्षी. मोठ्या चोचीचा खंड्या वाळक्या बुंध्यावर बसलेला असतो.

आम्ही पहाटे गेलो, भरतीची वेळ बघून. भरतीला बदकं पसरत नाहीत, पाण्यावर राहिलेल्या ओंडक्यांवर गोळा होतात. एका आडव्या पडलेल्या खोडावर ती ओळीने झोपली होती, चोच पाठीत खुपसून. तपकिरी अंग, डोळ्याभोवती पांढरं कडं. एखाद्याच्या चेहऱ्यावर पांढरा रंग गालापर्यंत पसरलेला, एखाद्याला नुसतं कडं. दोन बदकं सारखी म्हणून नव्हती. झोपेतही मधूनच एकेक डोळा उघडायचा. एका टोकाचं बदक जरा सरकलं की पुढचं सरकायचं, मग त्याच्या पुढचं, असं करत करत सगळी ओळ हलायची आणि शेवटचं पाण्यात पडायचं. ते पंख झटकून पुन्हा वर चढायचं, आणि पहिल्या टोकाला जाऊन बसायचं.

मी चारशेवर काही फोटो घेतले, डोळ्याभोवतीचं कडं नीट येईल असे. मग लेन्स बदलली. शंभरवर आणून, एपर्चर अकरावर ठेवून, सगळं खोलवर स्पष्ट येईल असं. पुढे पाणी, मध्ये ओंडका, त्याच्या मागे सरळ रांगेत उभे वाळके बुंधे. ते बुंधे रांगेत आहेत, कारण ते कुणीतरी लावले होते. जंगल रांगेत उगवत नाही.

एक वयस्कर गृहस्थ सायकल टेकवून आमच्याजवळ थांबले. मी काय बघतेय ते त्यांनी पाहिलं, आणि बदकांकडे नाही, त्या बुंध्यांकडे बोट केलं. "वो सुपारी हमारे पिताजी का लगाया हुआ है." कुठपर्यंत त्यांची जमीन होती, ते त्यांनी हात फिरवून दाखवलं: या टोकापासून त्या विजेच्या खांबापर्यंत. मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बुंधे मोजले. बदकांबद्दल विचारलं तर म्हणाले, अच्छा है, कोई तो रहता है.

हा फोटो मी ज्यांना ज्यांना दाखवते ते पहिल्यांदा विचारतात, बदक कुठंय? मग सापडतं. मग विचारतात, ही झाडं अशी का? त्या दुसऱ्या प्रश्नासाठीच तो फोटो आहे. नुसतं बदक दाखवलं असतं तर हा प्रश्न कुणीच विचारला नसता, आणि त्या माणसाच्या वडिलांची सुपारी कुणाला दिसली नसती.

चॅथमची लाकडाची गिरणी 1883 पासूनची. तिच्या छताच्या तुळयांना पाकोळ्यांची घरटी आहेत. खाली करवती किंचाळत असतात आणि या निळ्या-काळ्या चमकदार, पांढऱ्या पोटाच्या पाकोळ्या डोक्यावरून आतबाहेर करत असतात. या जातीला अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढता येत नाही, म्हणून त्या उजेड पोचेल अशाच जागी राहतात. दुसरी जात, जिचं घरटं निव्वळ लाळेचं असतं आणि परदेशात सुपासाठी विकलं जातं, ती टकटक आवाज काढत काळोख्या गुहेत शिरते. गिरणीतल्या फोटोत मला तुळई, घरटं आणि खाली रचलेले ओंडके तिन्ही मिळाले. पाकोळी तेवढी पुसट आहे.

माउंट हॅरिएट, ज्याला 2021 पासून माउंट मणिपूर म्हणतात, तिथलं जंगल पायी उतरावं. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेच्या पाठीवर जी माडांची किनार आणि समुद्र होता, ते दृश्य याच परिसरातलं. काळा सुतार मला तिथे मिळाला, आणि सर्पगरुडही, वेताच्या जाळीच्या वर. तुलनेने रॉस बेटावर, आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, पक्षी जवळ येतात खरे, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना माणसांनी आणून सोडलंय. साळुंकी इंग्रजांनी आणलेली. तिथे मी पक्ष्यांपेक्षा भिंती गिळणाऱ्या वडाच्या मुळांत रमले.

बाराटांग बेटावर जायचं तर जिरकाटांगपासून पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातो. गाड्या काफिल्याने सोडतात. थांबायचं नाही, उतरायचं नाही आणि फोटो काढायचा नाही. कायद्याने बंदी आहे. जिरकाटांगला मी दोन्ही कॅमेरे बॅगेत घालून चेन लावली आणि बॅग मागच्या डिकीत ठेवायला सांगितली. सुमारे 50 किलोमीटर अप्रतिम जंगल काचेबाहेरून सरकत राहिलं. हळद्या रस्ता ओलांडून गेला. एका वळणावर अंदमानी टकाचोर फांदीवरून खाली वाकून गाडीकडे बघत होता, दहा फुटांवर. आमच्या पुढच्या गाडीतून एक मोबाईल बाहेर आला, तेव्हा आमच्या चालकाने लांब हॉर्न वाजवला आणि तो हात आत गेला. ते जंगल कुणाचं तरी घर आहे, आणि त्या माणसांनी आपल्याला बोलावलेलं नाही. तिथला पक्षीही मला नको.

पोपटांचं बेट बघायचं तर बाराटांगला मुक्काम करावा लागतो, कारण परतीचा शेवटचा काफिला दुपारीच सुटतो आणि पोपट येतात सूर्यास्ताला. डुंगी खारफुटीतून अर्धा-पाऊण तास जाते आणि त्या छोट्या बेटापासून अंतर राखून इंजिन बंद करते. बेटावरच्या खारफुटीचे शेंडे कापून काढल्यासारखे सपाट आहेत. पोपटांनीच कुरतडून केलेत, असं डुंगीवाले काका म्हणाले. आधी पाच-सात पोपट आले, बेटावर एक फेरी मारून परत गेले. मग वीसेक. मग चारी दिशांनी, पाण्यालगत, एकामागून एक टोळ्या, आणि ओरडा असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. लाल छातीचे होते, लांब शेपटीचे होते. लांब शेपटीच्या नराचा गुलाबी गाल तिरप्या उन्हात एकदम पेटायचा. थवा बेटावर गोल फिरतो, मोठ्या गोलातून लहान गोलात येतो आणि एका क्षणी सगळेच्या सगळे झाडांत पडतात. झाडं तेव्हा अक्षरशः वाकतात.

होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, लाटेबरोबर तोही डुलतो. गुडघे सैल ठेवून, हातातच कॅमेरा धरून, आधी एकहजारांशावर टोळ्या घेतल्या. उजेड उतरला तसं शटर उतरवत तिसांशावर आले. तेव्हा पोपटांच्या रेघा झाल्या, झाडं मात्र स्थिर राहिली, आणि त्या रेघा कुठे जाऊन थांबतात ते फोटोत आलं. चोवीसची लेन्स. पूर्ण बेट, पूर्ण थवा, भोवती खाडी. एवढी खारफुटी असताना हजारो पोपट या एकाच तुकड्यावर झोपायला येतात. ते बेट फोटोत नसेल तर त्या पोपटांबद्दल आपण काहीच सांगितलं नाही, असं मला वाटतं.

नारकोंडमला मी गेले नाही. तिथे पर्यटकांना जाता येत नाही. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं, समुद्रातून 710 मीटर वर आलेलं ज्वालामुखीचं बेट, पोलिसांची एक चौकी, आणि सुमारे हजारभर धनेश, जे जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. 2012 मध्ये तिथे रडार बसवायच्या योजनेला पर्यावरण मंत्रालयाने या धनेशांसाठी नकार दिला होता; 2014 मध्ये मात्र तो फिरवला गेला. तो पहिला नकार वाचून मला झालेला आनंद आजही ताजा आहे. त्यांचा फोटो माझ्याकडे नसण्याची मला जराही खंत नाही.

खंत आहे ती ग्रेट निकोबारची. 2004 मध्ये त्याचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं. किनाऱ्यावर वाळू आणि पालापाचोळ्याचे मोठे ढीग रचून, त्या ढिगाच्या उबेवर अंडी उबवणाऱ्या निकोबारी मेगापोडची पुष्कळशी घरटी तेव्हा समुद्राने नेली. उरलेल्यांनी पुन्हा ढीग रचले. गलाथिया खाडीचं अभयारण्य 2021 मध्ये यादीतून काढलं गेलं, आणि तिथे होणाऱ्या बंदराच्या प्रकल्पाला 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. मेगापोडचे सुंदर फोटो बरेच आहेत. त्यांतल्या फार थोड्यांत तो ढीग दिसतो, आणि ढिगापासून पाणी किती पावलांवर आहे हे दाखवणारे तर त्याहूनही थोडे. ज्यांना तिथे जायची परवानगी आहे त्यांनी कृपा करून तो किनारा फ्रेममध्ये घ्या. पक्षी पाठमोरा असला तरी घ्या.

परत आल्यावर मी सगळे फोटो ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, चढवले, प्रत्येक यादीसोबत पक्ष्याचा एक आणि जागेचा एक. घुबडाची नेमकी फांदी कुठली ते लिहिलं नाही, कुणी विचारलं तरी सांगणार नाही.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी बरेच जण सेल्युलर जेल बघायला अंदमानला जाऊन आलेले असतील, कुणी 2004 च्या आधीही. तेव्हाचे रोलवर काढलेले फोटो घरात अल्बममध्ये पडले असतील. त्यांत सिप्पीघाटची शेतं, चिडिया टापूचा जुना किनारा, रस्त्याकडेची सुपारी असं काही मागे दिसत असेल, पुढे तुम्ही हात हलवत उभे असाल तरी हरकत नाही, तर त्याचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा, महिना आणि साल आठवत असेल तर तेही. तसे दोन फोटो मला एका बाईंनी दिलेत. मला त्याच जागांवर उभं राहून पुन्हा फोटो काढायचे आहेत, आता तिथे जे पक्षी आहेत त्यांच्यासकट.